इंग्रजी पत्रातला ऋतू कसा वाचावा

वाशीच्या फळबाजारालगत असलेल्या एका निर्यातीच्या कचेरीत मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळते. द्राक्षं, डाळिंब आणि आंबा हा आमचा माल. यातलं काहीच वाट बघत थांबत नाही, म्हणून तारखेला फार महत्त्व. आणि नेमकी तारखेच्या जागी ऋतू लिहायची सवय इंग्रजी बोलणाऱ्या जगाला आहे. ‘अर्ली स्प्रिंगला सुरू करू’, ‘लेट समरपर्यंत भाव कळवा’, ‘फॉलमध्ये भेटू’. लिहिणाऱ्याला त्यात काहीच संदिग्ध वाटत नाही, कारण त्याच्या खिडकीबाहेर तो ऋतू चाललेला असतो. आपल्याला मात्र त्यातून आठवडा काढायचा असतो. कचेरीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी हे बसवून शिकवते. तेच इथे लिहिते आहे. परदेशी शिकायला निघालेल्यांना आणि भाषांतर करणाऱ्यांनाही ते लागेल.

आधी सहीखालचा पत्ता

ऋतूचं नाव दिसलं की शब्दकोश उघडू नका. पत्र कुठून आलं ते बघा. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून आलं असेल, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, तर सगळं सहा महिन्यांनी फिरवायचं. तिथे स्प्रिंग १ सप्टेंबरला लागतो, समर १ डिसेंबरला, ऑटम १ मार्चला आणि विंटर १ जूनला. महिन्याच्या पहिल्या तारखेला ऋतू बदलतो, त्यामुळे एकदा ध्यानात आलं की हे लोक हिशेबाला सगळ्यात सोपे.

हे लक्षात ठेवायला क्रिकेट पुरेसं आहे. ऑस्ट्रेलियातला समर म्हणजे मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आणि त्यापाठोपाठ सिडनीची नव्या वर्षातली टेस्ट. आपण पहाटे स्वेटर घालून, चहाचा कप हातात धरून ज्या टेस्ट बघतो, त्या तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या. इंग्लंडचा समर म्हणजे लॉर्ड्सवरचे जून-जुलैचे सामने. माझ्या हाताखालच्या एका मुलाला दोन्ही गोलार्ध या एका खुणेवर पक्के झाले.

दक्षिणेकडचा समर दोन वर्षांत विभागला जातो हेही बघा. ‘समर २०२४-२५’ असं ते लिहितात ते म्हणूनच. कुणी नुसतं ‘समर २०२५’ लिहिलं, तर जानेवारी-फेब्रुवारी २०२५ की डिसेंबर २०२५, हे विचारूनच घ्यावं लागतं.

आमच्या धंद्यात याचा रोजचा संबंध येतो. हापूस आपल्याकडे एप्रिल-मेचा. मेलबर्नच्या माणसासाठी ते ऑटमचे शेवटचे महिने. आंबा म्हटला की त्याला डिसेंबर आठवतो, कारण ऑस्ट्रेलियातला स्वतःचा आंबा नाताळच्या आगेमागे बाजारात येतो. तेव्हा त्याला ‘समर मँगो’ असं लिहून माल विकायला जाणं म्हणजे त्याला गोंधळात टाकणं. ‘एप्रिल आणि मे महिन्यांत, तुमचा हंगाम संपल्यावर’ असं लिहिलं की त्याला आपला फायदा एका ओळीत दिसतो.

दक्षिण आफ्रिकेबद्दल एक गोष्ट जास्तीची. केप टाऊनच्या बाजूला पाऊस विंटरमध्ये पडतो, म्हणजे जून ते ऑगस्ट. जोहान्सबर्गकडे मात्र तो समरमध्ये पडतो. एकाच देशातून आलेल्या दोन पत्रांत ‘पावसाळी महिने’ असतील, तर ते एकमेकांच्या उलट असू शकतात. आपल्याला विंटर म्हटलं की कोरडी थंडी आणि हुरडा आठवतो, त्यामुळे हे पटकन डोक्यात येत नाही.

फॉल आणि ऑटम

अमेरिकेत फॉल, ब्रिटनमध्ये ऑटम, एवढं शाळेत शिकवतात. खरं तर फॉल हा शब्द अमेरिकेने घडवलेला नाही. तो इंग्लंडमधलाच. सोळाव्या शतकात तिथे ‘फॉल ऑफ द लीफ’ म्हणत, त्याचं पुढे आखूड होऊन नुसतं फॉल राहिलं. अमेरिकेत वस्ती करायला गेलेली माणसं तो शब्द सोबत घेऊन गेली. मागे ब्रिटनमध्ये लॅटिन-फ्रेंचमधून आलेल्या ऑटमने जम बसवला आणि फॉल तिथल्या रोजच्या वापरातून गेला. या दोघांच्या आधी या ऋतूला हार्वेस्टच म्हणत. जर्मन लोक आजही त्याच कुळातला ‘हेर्ब्स्ट’ म्हणतात आणि आमची डच गिऱ्हाइकं ‘हेर्फ्स्ट’. म्हणून एखादा ब्रिटिश माणूस ‘फॉल म्हणजे अमेरिकन अशुद्ध इंग्रजी’ असं म्हणाला, तर ते मनावर घेऊ नका. पण त्याला पत्र लिहिताना ऑटमच लिहा. वाद जिंकण्यापेक्षा माल पोचणं महत्त्वाचं.

अमेरिकनाला ऑटम कळतं, जरा पुस्तकी वाटतं इतकंच. कॅनडात बोलण्यात फॉल जास्त. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड इथे ऑटम. फॉलचा आणखी एक त्रास आमच्यासारख्यांना होतो. भावाच्या पत्रात फॉल आला की ऋतू की घसरण, हे नवख्या माणसाला कळत नाही. भावासंबंधी लिहिताना मी ऋतूचा फॉल टाळतेच.

मराठीत आणताना मात्र सावध. शब्दकोश ऑटमसाठी शरद देतो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागिरीचं चांदणं, निवळलेलं आभाळ आणि दुपारची ती ऑक्टोबर हीट. झाडं हिरवीगार असतात. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात, होळीच्या सुमारास. म्हणून बॉस्टनच्या ऑक्टोबरमधल्या लाल-पिवळ्या झाडांचं वर्णन ‘शरद ऋतूत’ असं केलं, तर कॅलेंडर जुळतं पण चित्र जुळत नाही. ‘पानगळीच्या दिवसांत’ म्हटलं, तर चित्र जुळतं पण मराठी वाचक मनात मार्च धरतो. मी दोन्ही एकत्र लिहिते: ‘ऑक्टोबरमधल्या पानगळीत’. महिना सोबत असला की वाचक चुकत नाही.

ऋतू सुरू कधी होतो

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, कारण गोलार्ध एक, भाषा एक, शब्दही एक, आणि तरी तारीख वेगळी.

ब्रिटनचं हवामान खातं आपल्या नोंदींसाठी पूर्ण महिन्यांचे ऋतू धरतं. स्प्रिंग म्हणजे मार्च, एप्रिल, मे. अमेरिकेतही हवामानवाले असंच मोजतात. पण तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये ‘स्प्रिंगचा पहिला दिवस’ छापलेला असतो तो मार्चच्या विषुवदिनाला, म्हणजे २० मार्चच्या आसपास. समरचा पहिला दिवस २०-२१ जूनला. आणि इंग्लंडच्या जुन्या परंपरेत २४ जून हा ‘मिडसमर डे’, म्हणजे समरचा मध्य. एका कॅलेंडरप्रमाणे जो ऋतू परवा सुरू झाला, तो दुसऱ्याप्रमाणे अर्धा संपला.

आयर्लंडची गोष्ट याहून वेगळी. तिथल्या अनेक घरांमध्ये स्प्रिंग १ फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवशी लागतो. जुन्या गेलिक पंचांगात फेब्रुवारी-मार्च-एप्रिल स्प्रिंग, मेपासून समर, ऑगस्टपासून ऑटम, नोव्हेंबरपासून विंटर. आयरिश भाषेत सप्टेंबरचं नावच ‘ऑटमचा मध्य’ या अर्थाचं आहे आणि ऑक्टोबरचं ‘ऑटमचा शेवट’. तिथलं सरकारी हवामान खातं बाकी जगासारखंच मार्चपासून मोजतं, पण घरात, शाळेत, शेतात जुनी मोजणी टिकून आहे. २०२३पासून सेंट ब्रिजिडच्या निमित्ताने फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोमवारची सार्वजनिक सुट्टीही मिळते.

हे मी इतकं लांबण लावून का सांगते आहे, ते द्राक्षांच्या उदाहरणावरून कळेल. डब्लिनच्या एका खरेदीदाराचं पत्र आलं होतं: बिनबियांची पांढरी द्राक्षं, ‘स्प्रिंगच्या सुरुवातीपासून’. आता मोजा. आयरिश हिशेबाने १ फेब्रुवारी. ब्रिटिश हवामान खात्याच्या हिशेबाने १ मार्च. अमेरिकन कॅलेंडरने २० मार्च. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत जवळजवळ सात आठवड्यांचं अंतर. नाशिककडची द्राक्षं ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण जानेवारी ते एप्रिल खुडली जातात. न्हावा-शेवाहून युरोपच्या बंदरापर्यंत जहाजाला एरवीच तीन-चार आठवडे लागतात. २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा त्यात आणखी दिवसांची भर पडली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माल तिथे हवा असेल, तर खुडा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांतून. मार्चअखेरीस हवा असेल, तर बाग वेगळी, शेतकरी वेगळा, भावही वेगळा.

मी उत्तरात ‘स्प्रिंग’ शब्द वापरलाच नाही. लिहिलं: ‘माल तुमच्या गोदामात कुठल्या आठवड्यात हवा, त्याचा क्रमांक कळवावा.’ उलट टपाली दोन शब्द आले: ‘वीक सिक्स’. सहावा आठवडा, फेब्रुवारीची सुरुवात. ताज्या फळांच्या व्यापारात आठवड्याचा क्रमांक सगळ्यांना कळतो, आणि त्याला ना गोलार्ध लागतो ना पंचांग. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला, एवढा नियम पाठ करा. अमेरिकेत सगळेच या क्रमांकांना सरावलेले नसतात. तिथे सोमवारची तारीख लिहून द्यायची.

समर टाइम हा ऋतू नव्हे

ब्रिटनमध्ये ‘समर टाइम’ म्हणजे घड्याळ एक तास पुढे केलेला काळ. तो मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपतो. त्या काळात लंडन आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि नोव्हेंबरच्या तोंडावरच्या आठवड्यात दोघांचं आपसातलंही अंतर बदललेलं असतं. तेव्हा बैठकीची वेळ भारतीय वेळेत लिहा.

शिकायला जाणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्याला एका अमेरिकन विद्यापीठाचं ‘स्प्रिंग’ सत्रासाठी प्रवेशपत्र आलं. तो म्हणाला, “मावशी, स्प्रिंग म्हणजे मार्च ना? मग संक्रांत घरी करून निघतो.” मी त्याला पत्राचं दुसरं पान उघडायला लावलं. वर्ग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होते, आणि त्याआधी नव्या विद्यार्थ्यांची ओळखसत्रं. तिळगूळ त्याच्या बॅगेत आधीच भरून द्यावा लागला.

अमेरिकेतलं ‘स्प्रिंग सेमिस्टर’ जानेवारीत, पुष्कळ ठिकाणी गुडघाभर बर्फात, सुरू होतं आणि मेच्या सुमारास संपतं. ‘फॉल सेमिस्टर’ ऑगस्टच्या उत्तरार्धात, अंगाची लाही होत असताना, सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. ही नावं हवामानाची नाहीत, सत्र कुठल्या ऋतूच्या दिशेने चाललंय त्याची आहेत. ब्रिटिश शाळांतही तेच: जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राला स्प्रिंग टर्म म्हणतात. ऑक्सफर्डमध्ये मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशी सत्रं. केंब्रिजमध्ये मायकलमस, लेंट आणि ईस्टर. मायकलमस दोन्हीकडे ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक विद्यापीठांनी हा घोळच ठेवला नाही. तिथे पहिलं सेमिस्टर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि दुसरं जुलैत. अर्ज करताना ऋतूच्या नावावर काहीही ठरवू नका, वर्ग सुरू होण्याची तारीख शोधा. तिकीट, व्हिसा, घरभाडं, सगळं तिच्यावर चालतं.

अमेरिकेचा रोजच्या बोलण्यातला समर ना जूनच्या पहिल्या तारखेला सुरू होतो ना एकवीसला. तो मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. ‘आफ्टर द समर’ असं अमेरिकन माणसाने लिहिलं, तर बहुतेक वेळा त्याच्या मनात लेबर डेनंतरचा मंगळवार असतो. त्या दिवसापासून पत्रांना उत्तरं भराभर येऊ लागतात, हा माझा कायमचा अनुभव.

जिथे चार ऋतू नाहीतच

इंग्रजी बोलणाऱ्या जगाचा मोठा भाग उष्ण कटिबंधात आहे, आणि तिथे स्प्रिंग-ऑटम शोधणं व्यर्थ. इथे आपल्या लोकांना खरं तर घरी आल्यासारखं वाटायला हवं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन आहे. तिथली माणसं फक्त ‘द वेट’ आणि ‘द ड्राय’ म्हणतात. वेट नोव्हेंबर ते एप्रिल, ड्राय मे ते ऑक्टोबर. या दोन्हींच्या सांध्यावर, ऑक्टोबरपासून पाऊस धरेपर्यंत, ‘द बिल्ड-अप’ येतो. रोज ढग जमतात, हवा दमट होते, अंगाला घाम चिकटतो आणि पाऊस काही पडत नाही. मृगाची वाट बघणारा मेअखेरीचा मराठवाडा किंवा कोकण ज्याने सोसलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. माझं स्पष्ट मत आहे की बिल्ड-अप हा शब्द मराठी माणसाला इंग्रजीतल्या चारही ऋतूंपेक्षा लवकर कळतो. त्याच भागात काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या गुंजेइमी भाषेत सहा ऋतू आहेत, आपल्यासारखेच सहा. त्यांतला एक, बांगेरेंग, एप्रिलच्या सुमाराचा. तेव्हाच्या वादळांनी उंच वाढलेलं गवत आडवं होतं, म्हणून तिथे इंग्रजीत त्या वादळांना ‘नॉक-एम-डाऊन’ म्हणतात.

केनियातून पत्र आलं तर ‘लाँग रेन्स’ आणि ‘शॉर्ट रेन्स’ हे शब्द भेटतील. लाँग म्हणजे मार्च ते मे, शॉर्ट म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. नायजेरिया आणि घानामध्ये रेनी सीझन, ड्राय सीझन आणि त्यातच ‘हर्माटन’. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सहाराकडून येणारा तो कोरडा, धुळीचा वारा. दक्षिण नायजेरियात ऐन पावसाळ्यात काही दिवसांची उघडीप येते, तिला ‘ऑगस्ट ब्रेक’ म्हणतात. ही कामाची सुट्टी नव्हे, हे मुद्दाम सांगते. फिलिपिन्समधला समर मार्च ते मे, म्हणजे अगदी आपल्यासारखा.

आणि मॉन्सून. हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, आपला मोसम त्याचाच भाऊ. भारतीय इंग्रजीत मॉन्सून म्हणजे पावसाळा हा ऋतू. सिंगापूरमध्ये वर्षाला दोन मॉन्सून मोजतात, ईशान्येचा आणि नैऋत्येचा. आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, वाळवंटात, १५ जून ते ३० सप्टेंबर हा सरकारी नोंदीतला मॉन्सून आहे. फिनिक्सच्या माणसाने ‘मॉन्सूनमुळे ट्रक उशिरा’ असं लिहिलं, तर तो आपल्याच पद्धतीने खरं बोलतो आहे. त्याचा पाऊस धुळीच्या भिंतीमागून येतो आणि तासाभरात निघून जातो, एवढाच फरक.

गावापुरते ऋतू

डाळिंबवाल्या शेतकऱ्याला विचारा, माल कधी? तो सांगेल, मृग बहार, हस्त बहार किंवा आंबिया बहार, म्हणजे झाडाला कुठल्या हंगामात फुलोरा धरला ते. सांगोल्यात हे सगळ्यांना कळतं, मुंबईत फार थोड्यांना. इंग्रजी बोलणाऱ्या प्रदेशांतही असे गावापुरते ऋतू आहेत, आणि शब्दकोशात ते सापडले तरी तारीख सापडत नाही.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात अर्ध्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये वरची माती वितळते, खालची गोठलेलीच राहते, पाणी जिरत नाही आणि गाड्या चाकाच्या आसापर्यंत रुततात. हा ‘मड सीझन’. कॅलेंडरवर तेव्हा स्प्रिंग छापलेलं असतं. पण तिथल्या माणसाच्या लेखी मड सीझन उलटल्याशिवाय स्प्रिंग येत नाही. अलास्कात नद्यांवरचा बर्फ फुटतो त्याला ‘ब्रेकअप’ म्हणतात. नेनाना गावात तानाना नदीवरचा बर्फ कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी फुटणार यावर १९१७पासून पैजा लागतात. तिथेच उन्हाळा सरताना डोंगरमाथ्यावर पडणाऱ्या पहिल्या पांढुरक्या थराला ‘टर्मिनेशन डस्ट’ म्हणतात, हंगामी कामं संपल्याची खूण म्हणून.

अपालाचियन डोंगरांकडे वसंतात मधेच थंडी परत येते. डॉगवूड फुललेलं असताना आली तर ‘डॉगवूड विंटर’, रानातल्या ब्लॅकबेरीच्या फुलोऱ्यात आली तर ‘ब्लॅकबेरी विंटर’. पत्रात असं काही दिसलं तर हिवाळा समजून डिसेंबर धरू नका, ते एप्रिल-मे असतं. इंग्लंडच्या खेड्यांत ‘ब्लॅकथॉर्न विंटर’ याच जातीचा. यॉर्कशर, लँकशर, कंब्रिया या उत्तरेकडच्या भागांतला शेतकरी ऑटमच्या उत्तरार्धाला ‘बॅक एंड’ म्हणतो. ‘अॅट द बॅक एंड’ म्हणजे गोदामाच्या मागच्या बाजूला असं समजण्याचा मोह होतो, तो आवरा.

आणि ‘इंडियन समर’चा भारताशी काही संबंध नाही. अठराव्या शतकापासून अमेरिकेत वापरात असलेला हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांना गोरे लोक जे नाव देत त्यावरून आला. अर्थ असा, की पहिली कडक थंडी पडून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलेले थोडे उबदार दिवस. ब्रिटनमध्ये यालाच पूर्वी ‘सेंट मार्टिन्स समर’ म्हणत, कारण त्या संताचा दिवस ११ नोव्हेंबर. ‘भारतीय उन्हाळा’ असं भाषांतर मी छापील पानावर वाचलंय, म्हणून हे सांगणं भाग आहे. ‘थंडीतली उघडीप’ किंवा सरळ ‘नोव्हेंबरातले उबदार दिवस’ लिहा.

आपण लिहिताना

इतका वेळ त्यांचं वाचलं. आता आपलं इंग्रजी त्यांना कसं दिसतं तेही बघायला हवं. आपण ‘समर’ लिहितो ते एप्रिल-मे मनात धरून. भारतीय हवामान खातंही मार्च ते मे हा उष्ण काळ, जून ते सप्टेंबर नैऋत्य मॉन्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मॉन्सूनोत्तर काळ आणि जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा असे भाग पाडतं. लंडनचा माणूस समर वाचून जुलै धरतो. ‘आमचा आंबा समरमध्ये मिळेल’ हे त्याला पाठवलं, तर तो आपली जाहिरात जूनअखेरीस ठेवेल, आणि तोपर्यंत कोकणातला हापूस संपलेला असतो. अमेरिकेचा बाजार २००७मध्ये आपल्या आंब्याला पुन्हा खुला झाला, लासलगावच्या विकिरण केंद्रातून पेट्या जाऊ लागल्या. त्या मालाचं तर विमान, विकिरण, तपासणी, सगळं दिवसांवर बांधलेलं. तिथे ऋतूच्या नावाला जागाच नाही.

‘ऑक्टोबर हीट’ हा आपल्याकडचाच शब्द. परदेशी माणसाला पावसाळ्यानंतर पुन्हा उकाडा येतो हे ठाऊक नसतं. शीतसाखळीबद्दल लिहिताना मी ‘ऑक्टोबरमध्ये मुंबईत दुपारचं तापमान पुन्हा चढतं’ असं पूर्ण वाक्य लिहिते, म्हणजे ट्रक गार का ठेवायचा ते त्याला कळतं. ‘प्री-मॉन्सून’, ‘पोस्ट-मॉन्सून’ या शब्दांपुढेही महिने लिहायचे. ‘विंटर’ लिहिताना तर विशेष काळजी: नाशिकला ज्या थंडीत द्राक्षमणी फुगायचे थांबतात ती दहा अंशांखालची, आणि कॅनडातला माणूस दहा अंशांना अंगातला स्वेटर उतरवतो. तिथे थर्मामीटरचा आकडाच द्या.

महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ हे अमेरिकनाला ४ मार्च वाटतं आणि ब्रिटिशाला ३ एप्रिल. ऋतू टाळायला जाऊन तारखेत अडकू नका.

समोरच्याने ऋतू लिहिलाच तर त्याला शिकवायला जाऊ नका, त्याची चूक काढू नका. त्याचा शब्द तसाच ठेवून पुढे आपला महिना जोडून परत पाठवा: ‘तुम्ही म्हणता त्याप्रमाणे स्प्रिंगच्या सुरुवातीला, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, असं आम्ही धरतो आहोत. वेगळं असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं.’ या एका वाक्यात विचारणाही होते, नोंदही राहते, आणि उत्तर आलं नाही तरी बागायतदाराला खुड्याची तारीख देता येते.